ठणका कंडरेचा, मुंग्या नसेच्या

मराठीत 'शीर' हा शब्द आपण कशालाही वापरतो. सुई टोचून रक्त काढतात ती शीर, मान अवघडली की आखडते ती शीर, आणि रात्री हाताला मुंग्या आल्या की दबते तीही शीरच. पहिली रक्तवाहिनी, दुसरा बहुतेक वेळा स्नायू आणि तिसरा मज्जातंतू. एरवी या घोळानं कुणाचं काही बिघडत नाही. कोपर किंवा मनगट कुरकुरायला लागलं की मात्र बिघडतं. भरलेला मग उचलताना ज्याच्या कोपरात कळ येते तो, आणि पहाटे तीनला उठून जो हात झटकत बसतो तो, दोघंही "शीर दबलीय" असंच सांगतात. दोघंही एकच मलम चोळतात. आजार मात्र एकमेकांचे लांबचे नातेवाईकसुद्धा नसतात.

पहिल्याची कंडरा दुखावलेली असते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, डॉक्टर जिला टेंडन म्हणतात. दुसऱ्याची नस दबलेली असते. इथून पुढे नस म्हणजे फक्त मज्जातंतू, मेंदू आणि हात यांच्यात निरोपांची ने-आण करणारी तार. कंडरा काम केलं की दुखते. नस बरेचदा काम थांबल्यावर, हात एकाच अवस्थेत पडून राहिल्यावर तक्रार करते. आणि हा लेख लिहावासा वाटला तो एका गोष्टीमुळे: लोक ठणक्याला घाबरतात आणि मुंग्या अंगावर काढतात. खरं तर उलटं हवं.

आधी एक गंमत करून पाहा. डावा पंजा उजव्या हातावर, कोपराच्या जरा खाली ठेवा आणि उजव्या हाताची बोटं टाइप केल्यासारखी हलवा. पंजाखाली काहीतरी वळवळतं. बोटं वाकवणारे आणि सरळ करणारे दणकट स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात, कठपुतळीच्या दोऱ्यांसारखी. यातले बरेचसे स्नायू कोपराच्या दोन बाजूंच्या दोन हाडी उंचवट्यांना धरून निघतात. बाहेरच्या उंचवट्यावरून मनगट आणि बोटं वर उचलणारे, आतल्यावरून खाली वाकवणारे. दिवसभराची सगळी ओढाताण शेवटी या नखाएवढ्या दोन जागांवर येऊन पडते.

बाहेरची जागा दुखली की तिला टेनिस एल्बो म्हणतात. नाव फसवं आहे. हा त्रास होणाऱ्यांतल्या बहुसंख्य लोकांनी रॅकेट हातात धरलेली नसते. या दुखण्याचं पहिलं वैद्यकीय वर्णन १८७३ साली रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरनं केलं ते लेखनिकांच्या हाताबद्दल लिहिताना. टेनिसचं नाव त्याला नंतर चिकटलं. साधारण ३५ ते ५५ या वयात तो जास्त दिसतो. मला स्वतःला तो एका सुट्टीत घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या बदलल्यावर झाला. स्क्रू पिळताना काहीच जाणवलं नाही. दोन दिवसांनी पाण्याचा जग एका हातानं कलता केला तेव्हा कोपराच्या बाहेरून अशी कळ गेली की जग जवळजवळ सुटलाच.

इथं एक प्रश्न पडायला हवा. जग धरायला मूठ वळावी लागते आणि मूठ वळणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूचे. मग दुखतं बाहेरच्या बाजूला, ते का? मनगट पूर्ण खाली वाकवा आणि त्याच अवस्थेत घट्ट मूठ वळून पाहा. वळत नाही; बोटांत दमच राहत नाही. आता मनगट थोडं वर, तीसेक अंश, उचलून मूठ वळा. पकड एकदम पक्की. म्हणजे काहीही घट्ट धरताना मनगट वर उचलणाऱ्या बाहेरच्या स्नायूंना ते मनगट टेकू दिल्यासारखं धरून ठेवावं लागतं. पकड आतल्यांची, राबतात बाहेरचेही. त्यातला मनगट उचलणारा एक आखूड स्नायू सर्वांत आधी कुरकुरतो. हस्तांदोलन, ओले कपडे पिळणं, दाराची मूठ फिरवणं, पालथ्या हातानं बॅग उचलणं, यात कळ का येते ते यावरून कळतं. आणि तीच बॅग तळवा वर करून उचलली तर कमी का दुखते, तेही.

जुन्या पुस्तकांत या दुखण्याला 'दाह' म्हटलेलं असे. म्हणजे सूज, म्हणून बर्फ, गोळी, आराम. पण शस्त्रक्रियेत काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा दाहाच्या पेशी जवळजवळ सापडल्याच नाहीत. दिसली ती विस्कटलेली वीण: एका दिशेनं नीट बसलेले धागे उसवलेले, मधे नको तिथं वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या, अर्धवट राहिलेली डागडुजी. कंडरेला रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे तिची दुरुस्ती मुळातच संथ. रोजची झीज रोजच्या दुरुस्तीच्या पुढे गेली की वीण सुटत जाते. एखाद्या दिवसाच्या अतिरेकानं फक्त ते उघडकीला येतं. माझ्या बिजागऱ्या निमित्तमात्र होत्या.

म्हणून उपचारांकडेही वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. सर्वांत मोहक उपाय म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन. दोन-तीन आठवड्यांत ठणका पळतो, माणूस खूश. वर्षभरानं काय होतं ते ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर तपासलं गेलं आणि २०१३ साली प्रसिद्ध झालं. साधं, औषधाविना इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के वर्षाअखेर पूर्ण बरे किंवा पुष्कळ बरे होते, स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण तर १२ टक्क्यांच्या जागी ५४ टक्के. म्हणजे लवकर बरं वाटतं आणि नीट बरं व्हायला उशीर लागतो. या आकड्यांत दडलेली चांगली बातमी मला जास्त महत्त्वाची वाटते: टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात बरा होतो. फक्त हे वर्ष कुणी आधी सांगत नाही, आणि मग माणूस तिसऱ्या महिन्यात तिसरा डॉक्टर गाठतो.

मधल्या काळात हात गळ्यात बांधून बसायचं नाही. पूर्ण आरामानं कळ थांबते, पण कंडरा आणखी दुबळी होते आणि कामाला लागल्यावर पुन्हा दुखते. तिला मोजका भार हवा असतो. टेबलावर हात कोपरापासून मनगटापर्यंत टेकवायचा, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. अर्ध्या किलोची बाटली धरून मनगट सरळ उचलायचं आणि अर्धा मिनिट तसंच धरायचं, किंवा वर नेऊन अगदी सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत असेल तर वजन जास्त झालं. फिजिओथेरपिस्ट हेच करून घेतो, भार पाहून वाढवत. कोपराखाली बांधायच्या पट्ट्यानं काम करताना काहींना उतार पडतो, काहींना नाही. पट्टा बांधून पुन्हा पूर्वीइतकंच राबायचं असेल तर मात्र त्याचा उपयोग नाही.

आतल्या उंचवट्याचं दुखणं म्हणजे गोल्फर्स एल्बो. गणित तेच, बाजू उलटी, प्रमाण कमी. त्यात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: त्या उंचवट्याच्या मागून एक नस जाते, आणि दुखण्यासोबत करंगळीत मुंग्या येत असतील तर प्रकरण फक्त कंडरेचं नाही.

मनगटावरची नेहमीची कंडरेची तक्रार अंगठ्याच्या बाजूला असते. अंगठा बाहेर आणि वर नेणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका आखूड बोळातून जातात. बोळाचं छप्पर जाड झालं की त्या घासायला लागतात. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केरव्हॅ यांनी १८९५ साली याचं वर्णन केलं. (गलगंड टाळण्यासाठी मिठात आयोडीन घालण्याच्या कामात पुढे हेच गृहस्थ होते, पण ओळखले जातात ते या एवढ्याशा बोळानं.) तान्ह्या बाळाच्या आईला हा त्रास हमखास गाठतो, कारण बाळाला काखेत हात घालून उचलताना अंगठा ताणलेला आणि मनगट कललेलं असतं, दिवसातून कितीतरी वेळा. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की अंगठ्याच्या मुळाशी जीव जातो. ही चाचणी स्वतःवर हलक्या हातानं करा. जोरात केली तर धडधाकट माणसालाही दुखते. अंगठ्याला आधार देणारा पट्टा आणि बाळाला खालून, दोन्ही तळव्यांवर तोलून उचलणं यानं बरेचदा भागतं. आणि गंमत म्हणजे कोपरात बदनाम झालेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन इथं चांगलं काम करतं. त्यामुळे 'इंजेक्शन वाईट' असा सरसकट नियम करून घेऊ नका.

आता नसांकडे. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तेवढ्यापुरता हा अनुभव सगळ्यांना असतो. नस ही जिवंत ऊती आहे, तिला स्वतःच्या बारीक रक्तवाहिन्या असतात. बाहेरून दाब आला की आधी त्यातलं रक्त अडतं, निरोप अडखळतात आणि मुंग्या येतात. दाब सुटला की सगळं पूर्ववत. पण तोच दाब रोज, महिनोन्महिने येत राहिला की नसेवरचं आवरण झिजतं आणि त्यानंतर आतले तंतूच मरायला लागतात.

हातात मुख्य नसा तीन, आणि प्रत्येकीचा अडचणीचा रस्ता ठरलेला. सर्वांत कुप्रसिद्ध रस्ता मनगटातला, कार्पल टनेल. खाली आणि बाजूंना मनगटाची हाडं, वर एक जाड, न ताणणारा पट्टा, आणि त्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मीडियन नस. दहाजणांत एकच नाजूक. जागा ठरलेली असल्यामुळे आत कुठंही थोडी सूज आली की भरडली जाते ती हीच. १९८१ साली या बोगद्यातला दाब सुई घालून मोजला गेला. निरोगी मनगट सरळ असताना तो सरासरी अडीच मिलिमीटर पारा भरला; रुग्णांमध्ये सरळ मनगटातच ३२. मनगट पूर्ण वाकवल्यावर निरोग्यांचा ३१, रुग्णांचा ९४. आणि मनगट मागे, वर वळवल्यावर रुग्णांचा ११०.

हे आकडे एकदा पाहिले की बाकी सगळं उलगडतं. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली घालतो, म्हणून मुंग्या रात्री. उठून हात झटकला की बरं वाटतं, म्हणून डॉक्टर "रात्री काय करता?" असं विचारतो आणि पेशंट बोलायच्या आत हात झटकूनच दाखवतो. ही झटकण्याची खूण निदानात खरोखर धरली जाते. मनगट ६० सेकंद खाली वाकवून धरायची फालेनची चाचणीही याच दाबावर बेतलेली. आणि उपचारातली पहिली पायरी, रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, तीही. सरळ या शब्दावर माझा जोर आहे. बाजारातल्या कित्येक पट्ट्या मनगट वर उचललेलं ठेवतात. वर दिलेला शेवटचा आकडा पुन्हा पाहा.

बोटांचा नकाशा इथं फार बोलका आहे. मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. "सगळा हात बधिर होतो" असं सांगणाऱ्याला मी म्हणेन, आज रात्री जाग आली की दिवा न लावता एकेक बोट चोळून पाहा. करंगळी शाबूत आणि अनामिका अर्धी असेल, तर मनगटाकडे बोट दाखवायला हरकत नाही. तळव्याच्या मधल्या भागाची संवेदना नेणारी फांदी बोगद्यात शिरायच्या आधीच फुटते, म्हणून तळवा बहुधा जागा राहतो आणि बोटं झोपतात.

कारणांबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय: कीबोर्डमुळे होतो. टायपिंगचा दोष असल्याचा पुरावा कच्चा आहे. पक्का पुरावा आहे तो जोर लावून वारंवार पकडण्याच्या आणि थरथरणाऱ्या अवजारांच्या कामाचा: ड्रिल, फरशी फोडायचं यंत्र, असली कामं. शिवाय कित्येकदा कारण हातात नसतंच. मधुमेह, मंदावलेलं थायरॉइड, संधिवात, लठ्ठपणा, गरोदरपण. गरोदरपणातला त्रास बहुतेक वेळा बाळंतपणानंतर ओसरतो. बायकांमध्ये प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. दोन्ही हातांना एकदम मुंग्या यायला लागल्या असतील तर माऊस बदलण्याआधी रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घेणं शहाणपणाचं.

पट्टीनं भागलं नाही तर इंजेक्शन, ज्याचा गुण काही आठवडे ते काही महिने टिकतो. त्यापुढे शस्त्रक्रिया: बोगद्यावरचा तो पट्टा कापून मोकळा करायचा. हात बधिर करून होणारं थोड्या वेळाचं काम. रात्रीच्या मुंग्या पुष्कळांच्या पहिल्याच काही दिवसांत थांबतात. तळव्यातला दुखरेपणा आणि पकडीची अशक्तता काही महिने रेंगाळते.

दुसरी नस अल्नार. कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं की करंगळीपर्यंत जो झटका जातो तो तिचा. आतल्या उंचवट्यामागच्या खोबणीत ती जवळजवळ उघड्यावर असते, बोटानं चाचपली तर दोरीसारखी लागते. कोपर दुमडलं की तिला वळसा घेऊन ताणावं लागतं आणि त्याच वेळी खोबणीवरचा पडदा आवळून जागाही आकसते. फोन कानाला लावून अर्धा तास बोलणारे आणि हात दुमडून हनुवटीखाली घेऊन झोपणारे, दोघांचीही गाठ हिच्याशी. मुंग्या करंगळी आणि अनामिकेच्या उरलेल्या अर्ध्या भागात. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून वर मोजा चढवला की हात फार दुमडत नाही. हा फुकटचा उपाय काही आठवडे नेटानं केला तर सुरुवातीच्या त्रासात चांगला लागू पडतो. खुर्चीच्या हातावर, गाडीच्या खिडकीवर कोपर टेकवायची सवय मात्र सोडावी लागते.

हीच नस मनगटापाशी, करंगळीच्या बाजूला, गियाँच्या बोगद्यातही दबते. लांब पल्ल्याचे सायकलस्वार हँडलवर तळहाताची ती कड तासन् तास दाबून बसतात, त्यांना हे होतं. कोपर की मनगट, हे ओळखायला सोपी खूण आहे. हाताच्या मागच्या बाजूची, करंगळीच्या वरची त्वचा चोळून पाहा. तिथं जाणारी फांदी मनगटाच्या बरीच आधी सुटते. तीही बधिर असेल तर दाब कोपराकडे. ती जागी असेल तर मनगटाकडे.

तिसरी, रेडियल, क्वचित त्रास देते पण फसवते. तिची खोल फांदी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यापासून चारेक सेंटिमीटर खाली एका स्नायूत शिरते. तिथं दबली तर मुंग्या नसतात, नुसता खोल ठणका असतो, आणि तो टेनिस एल्बो म्हणून खपतो. वर्षभर व्यायाम करूनही न हटणाऱ्या 'टेनिस एल्बो'त दुखरी जागा बोटानं नीट शोधावी: हाडावर आहे की त्याच्या खाली मांसात. आणि घड्याळाचा पट्टा फार आवळला की अंगठ्याच्या मागे जी बधिर चकती तयार होते, ती याच नसेची वरवरची फांदी. पट्टा सैल करा, इतकंच.

डॉक्टरकडे कधी जायचं याचं उत्तर बहुतेक जण 'सहन होईनासं झालं की' असं देतात. कंडरेपुरतं ते चालून जाईल. नसेच्या बाबतीत हा हिशेब अंगाशी येतो, कारण वाईट दिवस येतात तेव्हा दुखणं बरेचदा कमी होतं. आधी रात्री येऊन जाणाऱ्या मुंग्या दिवसाही राहायला लागतात, मग मुंग्याही थांबतात आणि उरतो तो बधिरपणा. माणसाला वाटतं, उतार पडला. तेव्हा शर्टाची बटणं पाहावीत: लावताना चुकतायत का, नाणं बोटांतून निसटतंय का. दोन्ही पंजे शेजारी ठेवून अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा एका हाताचा चपटा झालाय का. अल्नारसाठी आणखी एक चाचणी आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, फ्रोमाँ या फ्रेंच डॉक्टरनं सांगितलेली. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरा, किल्ली धरतो तसा, आणि दुसऱ्याला तो ओढायला सांगा. अंगठा सरळ राहिला तर ठीक. त्याचं टोकाचं पेर आपोआप दुमडलं तर समजायचं की अल्नारचा स्नायू हरलाय आणि त्याच्या जागी दुसऱ्या नसेचा स्नायू राबतोय. यातलं काहीही दिसलं तर थांबू नये. नसेतला विजेचा वेग मोजणारी तपासणी दाब कुठं आणि किती हे बऱ्यापैकी सांगते, आणि मानेतून येणारी दुखणी वेगळी काढायलाही तिची मदत होते. मानेतली दबलेली नसही बोटांतच मुंग्या आणते.

घाई कशासाठी, तर हिशेब असा आहे. फक्त आवरण झिजलं असेल तर दाब काढल्यावर ते काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा चढतं. आतले तंतू मेले असतील तर ते दबलेल्या जागेपासून नव्यानं वाढत स्नायूपर्यंत जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. आणि नसेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षानंतर फारसा सावरत नाही. आता कोपरामागच्या त्या खोबणीपासून अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागापर्यंत मोजपट्टी लावून पाहा. तीसेक सेंटिमीटर भरेल. म्हणजे ३०० दिवस, आणि तेही दाब आज निघाला तर.